मामा, आत तिकीट लागत नाही

गेल्या महिन्यात आमच्या विभागातील महिला मंडळाची बैठक संपल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, पोरगी टेक्स्टाईल डिझाईनला जाते म्हणते. चित्रं काढून पोट भरतं का हो?" मी त्यांना धड होय म्हणालो नाही आणि नाही असेही म्हणालो नाही. त्यांना म्हणालो, आमच्या भाचीची हकिगत ऐका आणि मग तुमचे तुम्ही ठरवा. तेवढ्यात हॉलची चावी मागायला माणूस आला आणि बोलणे अर्धेच राहिले. ते राहिलेले बोलणे या पानावर लिहितो आहे. आपल्या वस्तीत अशी आणखीही घरे असतील.

मी फोर्टातील एका कार्यालयात कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. चित्रकलेचा आणि माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपुरता, आणि तीतही मी नापास. तरीसुद्धा २०१७ साली भाची बारावी झाली तेव्हा दाजींशी वाद घालून तिला या शिक्षणाला घालणारा मीच. दाजी टेम्पो चालवतात. त्यांचे म्हणणे होते की पोरीने मामासारखे बी.कॉम. करावे आणि कुठेतरी चिकटावे. बी.कॉम. करून मामा कुठे चिकटला हे मला ठाऊक होते. मुलीच्या हातात रेघ आहे, कापड माणूस रोजच नेसतो, तेव्हा हे काम कधी बंद पडणार नाही, असे मी त्यांना पटवले आणि पहिल्या वर्षाच्या फीमध्ये माझाही वाटा घातला.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी, २०१८ च्या डिसेंबरात, घोटाळा झाला. सहा डिझाईनचा एक संच करायचा होता आणि प्रत्येक डिझाईन कुठून सुचले तेही सांगायचे होते. भाचीने फोनवर सापडलेल्या कोयऱ्या घेतल्या, रंग बदलले आणि कागद दिले. बाईंनी सगळ्या वर्गासमोर मूळ कोयरी फोनवर काढून तिच्या कागदाशेजारी धरली. म्हणाल्या, "हे डिझाईन नाही, ही नक्कल आहे. तू कधी प्रदर्शनं पाहतेस का?" वर्गातल्या इतर मुलींनी दिल्लीची, जयपूरची प्रदर्शने पाहिलेली. एकीने तर परदेशातली. आमची पोर मान खाली घालून घरी आली, कागदांची गुंडाळी माळ्यावर टाकली आणि आईला म्हणाली की मी डेटा एन्ट्रीचे काम बघते.

रात्री दाजींचा फोन आला. ओरडले नाहीत. "भाऊ, तुमच्या शब्दावर फी भरली होती," एवढेच म्हणाले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

नक्कल या शब्दाचे मला हसू आले आणि वाईटही वाटले. आमच्या कार्यालयात नक्कल म्हणजे शिक्का मारून, फी घेऊन द्यायची वस्तू. माझा निम्मा जन्म नकला काढण्यात गेला. पण पोरीचे दुखणे वेगळे होते. तिला चोरी करायची नव्हती. आपण काय पाहायचे आणि कुठे पाहायचे, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. घरात नाही, चाळीत नाही आणि मामालाही माहीत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे उभी आहे. माझ्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटे. तोपर्यंत जवळजवळ वीस वर्षे मी तिच्यासमोरून बसस्टॉपला जात होतो. पावसात तिच्या छपराखाली उभाही राहिलेलो. आत कधी गेलो नाही. आत जायला पैसे लागत असतील, किमान इंग्रजी तरी लागत असेल, अशी माझी समजूत. एका रविवारी भाचीला घेऊन गेलो. ती पुढे जाऊन चौकशी करून आली आणि म्हणाली, "मामा, आत तिकीट लागत नाही."

दाराशी आम्ही दोघांनी सवयीने चपला काढल्या. विहारात जाताना काढतो तशाच. रखवालदार आपल्याकडचाच होता, हसून म्हणाला, "अहो, राहू द्या पायात." सगळ्यांच्या देखत पुन्हा चपला घालताना जे वाटले ते लिहीत नाही. पण त्यानंतर त्या दारात भीती अशी वाटली नाही.

आत निसर्गचित्रे होती. मी चित्रांपेक्षा किमतीची यादीच जास्त वाचली. एका चित्राला माझा दोन वर्षांचा पगार. भाचीने मात्र फोन काढून भराभर फोटो घ्यायला सुरुवात केली. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून आले. चित्रे त्यांचीच होती. मला वाटले रागावणार. ते म्हणाले, "फोटो खुशाल काढ बाळ, पण आधी दहा मिनिटं नुसती उभी राहा." मग त्यांनी तिला डोळे बारीक करून पाहायला सांगितले. डोळे किलकिले केले की झाडे, पाने, माणसे नाहीशी होतात आणि फक्त गडद-फिकटाचे मोठे तुकडे उरतात. किती गडद, किती फिकट, कुठे रिकामे, एवढेच दिसते. "कापडवाल्यांना तर हे हवंच," ते म्हणाले. "साडी कोण नाकाला लावून बघतं? समोरून बाई येते तेव्हा दहा फुटांवरून दिसते."

मीही डोळे बारीक करून पाहिले. खरेच तसे दिसते. वाचकांनी घरातल्या कॅलेंडरवर करून पाहावे.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला. महिन्यातून दोन रविवार, रेल्वेचा पास माझा, तिचे तिकीट, दोन वडापाव आणि एक वही. जहांगीरमध्ये साधारण दर आठवड्याला प्रदर्शन बदलते, त्यामुळे फेरी फुकट जात नाही. बाहेरच्या फुटपाथवर बसणारे चित्रकार तर हातातले काम दाखवत बोलतात. एका रविवारी भायखळ्याच्या राणीबागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झाले. १८७२ साली लोकांना खुले झालेली महापालिकेची ही वास्तू. राणीबागेत माकडे आणि हत्ती बघायला आपण सगळे लहानपणी गेलो, पण शेजारच्या या इमारतीत किती जण शिरले? भाचीने तिथली कपाटे कमी पाहिली आणि जमिनीची नक्षीदार फरशी, लोखंडी खांब आणि कठड्याची जाळी जास्त. एक चौकोन काढला की शेजारचा चौकोन त्याला कसा जुळतो, हे फरशीवर उकिडवे बसून तिने वहीत उतरवले. तिथे मला तिच्या धंद्याचा पहिला शब्द कळला, रिपीट. कापडावर चित्र एकदाच काढायचे नसते. छोटा तुकडा असा काढायचा की तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे स्वतःलाच जुळत जाईल आणि सांधा दिसणार नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव आला. हा महोत्सव १९९९ पासून भरतो. नऊ दिवस रस्ताच प्रदर्शन होतो आणि प्रवेश मोफत असतो. शनिवार-रविवारी मात्र मुंगीला वाट मिळत नाही, म्हणून आम्ही मधल्या वारी, माझे कार्यालय सुटल्यावर गेलो. रस्त्यावरच्या मोठमोठ्या कलाकृतींपाशी लोक स्वतःचे फोटो काढत होते. भाची त्यांना वळसा घालून कच्छच्या अजरखवाल्याच्या स्टॉलवर जाऊन अडकली. गर्दी ओसरल्यावर त्या कारागिराने तिला लाकडी ठसे हातात दिले. रेघेचा ठसा वेगळा, काळ्याचा वेगळा, लाल भरायचा वेगळा. जिथे निळा नको तिथे आधी डिंक-चुन्याचा लेप छापायचा आणि मग कापड निळीत बुडवायचे. म्हणजे रंग लावण्याइतकेच रंग अडवण्याचेही काम. २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्या धमडका गावचे पाणी बदलले, रंग पूर्वीसारखे येईनात, म्हणून बऱ्याच कुटुंबांनी दुसरीकडे जागा घेऊन अजरखपूर वसवले, हे त्यानेच सांगितले. पाणी बदलले म्हणून माणसे गाव सोडतात हे आपल्याला नवे नाही. पण कापडातला लाल रंग पाण्यावर ठरतो हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर येताना कळले.

त्याच महिन्यात समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन लागले होते. बरवे १९९५ साली गेले. नाव मी ऐकलेले नव्हते. चित्रे पाहून तर पहिल्यांदा चक्रावलो. भल्यामोठ्या कॅनव्हासवर एखादे पान, एखादे घड्याळ, आणि बाकी सगळी मोकळी जागा. मी म्हणालो, "यात भरलंय काय?" भाची म्हणाली, "मामा, भरलेलं नाही तेच बघ ना." मला फारसे कळले नाही. पण तिथे वाचलेली एक गोष्ट मात्र पक्की लक्षात राहिली. हे बरवे कित्येक वर्षे सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, आधी बनारसला आणि मग मुंबईत. हातमागवाल्यांना नवी डिझाईन मिळावीत म्हणून सरकारने ही केंद्रे काढली आणि त्यांत चित्रकार नेमले. म्हणजे दिवसा कापडाची नोकरी आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे. एवढा मोठा चित्रकार नोकरदार होता हे कळल्यावर मला तो एकदम जवळचा वाटू लागला.

हे सगळे मी घरी वडिलांना सांगितले. वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते सूतकताई खात्यात होते आणि नंतर परत गिरणीत गेले नाहीत. आजोबाही त्याच खात्यात होते. विणकाम खात्यात चित्रकार नोकरीला, हे ऐकून वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या आजाला विणकामात घेतलं नव्हतं." कारण वाचकांना माहीत असेलच, तरी तरुण मुलांसाठी सांगतो. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला सगळ्यांचे तोंड लागणार, म्हणून अस्पृश्यांना साच्यावर घ्यायचे नाही. पगार तिथे जास्त, आणि तिथेच बंदी. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे ठेवला होता. आमच्या घरात दोन पिढ्या सूत काढले, पण त्या सुताचे कापड कसे होते, त्यावर फूल कुठे बसवायचे, हे ठरवणाऱ्या खात्याचे दार आम्ही आतून पाहिले नाही. भाची हे सगळे भिंतीला टेकून ऐकत होती. काही बोलली नाही.

मार्चमध्ये तिने नवा संच केला. मला वाटले होते त्यात अजरख येईल, नाहीतर बरवे येतील. तसे काही नव्हते. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी होती. मांडणीत उभ्या लावलेल्या थाळ्या. एकीमागे एक अर्धी लपलेली गोल किनार, तिच्यावर खिडकीच्या उजेडाची एक रेघ. आपल्या प्रत्येक घरात आहे, पण मी ती आयुष्यात कधी पाहिली नव्हती. बारा खणांत थाळ्या मात्र अकराच. एक खण रिकामा. बाईंनी विचारले, "इथं काय झालं?" भाची म्हणाली, "ती थाळी शेजारी भाजी घेऊन गेलीय. अजून आली नाही." बाई हसल्या म्हणे.

पण हसून सोडून दिले नाही. त्यांनी कागद भिंतीला लावला आणि तिला लांब उभे केले. तुकडा वारंवार जोडला की ते रिकामे खण एकाखाली एक येऊन कापडावर पांढरी पट्टी पडत होती, केसांत भांग पाडावा तशी. मग तिने हाफ ड्रॉप केला. म्हणजे शेजारची ओळ अर्ध्याने खाली सरकवली. त्याने रिकाम्या जागा विखुरल्या, पट्टी गेली आणि थाळ्यांची रांग पाण्याच्या लाटेसारखी दिसू लागली. ही हाफ ड्रॉपची रीत तिला वर्गात शिकवलेलीच होती. पण कशासाठी वापरायची ते त्या दिवशी कळले, असे ती म्हणते. पेपरात तिला पहिला वर्ग मिळाला नाही. पास झाली. माळ्यावरची गुंडाळी खाली आली, हे आमच्या दृष्टीने पुष्कळ.

त्या वर्षअखेरीस सुधीर पटवर्धन यांचे मोठे प्रदर्शन त्याच संग्रहालयात लागले तेव्हा आम्ही वडिलांनाही नेले. पटवर्धन ठाण्याचे, पेशाने डॉक्टर, आणि चित्रे शहरातल्या कष्टकरी माणसांची. वडील एकेका चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बसायला बाकडी कमी आहेत."

सगळीच दारे अशी उघडी नसतात, हेही सांगितले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलात एका डिझाईन मेळ्याला आम्ही असेच गेलो. दारावर विचारले, "कुठल्या कंपनीकडून?" मी माझ्या कार्यालयाचे नाव सांगितले तर तो मुलगा संगणकात शोधू लागला. व्यापारी मेळे हे धंदेवाल्यांसाठी असतात, आधी नोंदणी लागते आणि फीसुद्धा असते. आम्ही दीड तास प्रवास करून परत आलो. तेव्हा आई-वडिलांनो, जाण्याआधी चौकशी करा आणि अशी फी परवडत नसेल तर तिच्यासाठी कर्ज काढू नका. जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन पाहून मुलांना जास्त कळेल, कारण तिथे त्यांच्याच वयाच्या पोरांचे काम असते, चुकांसकट.

तिसऱ्या वर्षी, २०२० च्या सुरुवातीला, भाची डोंबिवलीच्या एका छपाई कारखान्यात उमेदवारीला लागली. मालकांनी थाळ्यांचे डिझाईन पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "रंग किती?" पाच होते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते आणि प्रत्येक जाळीचा वेगळा खर्च. "दोनात बसव," म्हणाले. दुसरा प्रश्न, रिपीट किती? तिने ३० सेंटिमीटर ठेवला होता. तिथल्या यंत्रावरच्या गोल जाळीचा घेर ६४ सेंटिमीटर. एका फेऱ्यात डिझाईन पुरे बसले पाहिजे, नाहीतर सांधा तुटतो. त्या रात्री ती आमच्याकडे आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बी.कॉम.चा डिझाईनला उपयोग केला. ६४ ला ३० ने भाग जात नाही, ३२ ने जातो. दोन सेंटिमीटर वाढवायचे म्हणजे प्रत्येक थाळी नुसती फुगवून चालत नाही. ती फुगवली की गोल अंडाकृती दिसतो. तिने थाळ्या तेवढ्याच ठेवल्या आणि मधली मोकळी जागा वाढवली. रंग दोन केले, राखाडी आणि हळदी. उजेडाची रेघ रंगाने न छापता कोऱ्या कापडाचीच सोडली. रंग अडवणे हेही काम असते, हे कच्छच्या त्या कारागिराकडचे. रिकाम्या जागेला घाबरू नये, हे कुणाकडचे ते सांगायला नको.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारखाना बंद पडला, नंतर अर्ध्या माणसांवर सुरू झाला. मधल्या काळात भाचीने मास्क शिवले, औषधाच्या दुकानात हिशेब लिहिले. दाजींचा टेम्पो उभा होता. ते दिवस सगळ्यांनीच काढले, त्याबद्दल काय लिहावे? २०२१ च्या दिवाळीआधी कारखान्यातून तिला पुन्हा बोलावणे आले. आता ती तिथेच पगारावर आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण महिन्याच्या महिन्याला होतो. रोज चित्रे काढायची नसतात. बहुतेक दिवस दुसऱ्याच्या डिझाईनचे रंग वेगळे करणे आणि सांधे जुळवणे चालते. तो वांद्र्याचा मेळा तिने पुढे पाहिला, कारखान्याचे कार्ड गळ्यात अडकवून. आल्यावर म्हणाली, "मामा, जहांगीरच बरी."

थाळ्यांचे कापड पहिल्यांदा छापून आले तेव्हा अडीच मीटरचा नमुना तिला मिळाला. रविवारी सगळे बहिणीकडे जमलो. बहिणीने कापड मांडणीशेजारी धरले आणि आधी कापडावरच्या थाळ्या मोजल्या, मग मांडणीतल्या. दाजींनी विचारले, मीटरला भाव काय? वडिलांनी मात्र कापड हातात घेऊन उलटे केले. डिझाईनची बाजू पाहिलीच नाही. कडेचा एक धागा नखाने सोडवला, दोन बोटांत पीळ उलगडून उजेडात धरला.

"चाळीसचं सूत दिसतंय," म्हणाले. "पीळ बरा आहे. विणलंय कुठं?"

भाचीने खोक्यावरची चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "इचलकरंजी, आजोबा."

"कोण बसतं गं तिथं साच्यावर?"

तिला माहीत नव्हते. पुढच्या वेळी माल आणायला जाईल तेव्हा विचारून येते म्हणाली.